चिठ्ठीवर कोणाचं नाव?



ऑक्टोबरमधला शेवटून दुसरा रविवार आपण मिशन रविवार म्हणून पाळतो. पोप पायस अकरावे यांनी १९२६ साली तो जगभरच्या चर्चसाठी ठरवून दिला. त्या दिवशी खास प्रार्थना होते, मिशन कार्यासाठी दान गोळा होतं. आमच्या पॅरिशमध्ये मिस्सेनंतर खाण्याचे स्टॉल लागतात, लहान मुलांचे खेळ होतात. यंदा त्यात एक भर पडली. सहावी ते आठवीच्या कॅटेकिझमच्या मुलांनी पॅरिश हॉलमध्ये एक प्रदर्शन मांडलं. विषय होता आफ्रिकेतली कापडं.

मला पुष्कळांनी विचारलं, "टीचर, कॅटेकिझममध्ये हे कशाला?" त्याचं उत्तर इथे सविस्तर लिहिते. दुसऱ्या पॅरिशमधल्या कोणाला असं काही करायचं असेल तर उपयोगी पडेल.

ऑगस्टमध्ये मी वर्गात एकच प्रश्न विचारला होता, "आफ्रिका म्हटलं की काय दिसतं? काढून दाखवा." चौतीस मुलं होती. सिंह आले, झोपड्या आल्या, वाळवंट आलं. बाकी बहुतेक चित्रांत हाडं दिसणारं, हातात रिकामा वाडगा घेतलेलं मूल होतं. मुलांना दोष देता येत नाही. मिशनच्या नावाने वर्षानुवर्षं आपण त्यांना जे फोटो दाखवत आलो, तेच त्यांनी परत काढून दिले. द्यायला शिकवलं हे चांगलंच झालं. पण ज्याला आपण फक्त देतो, त्याच्याकडून काही घेण्यासारखं आहे असं आपल्याला कधी वाटतच नाही. ५४ देश आणि हजाराहून जास्त भाषा असलेला खंड मुलांच्या मनात एका वाडग्यात मावला होता.

म्हणून मी ठरवलं की या वेळी आपण आफ्रिकेकडून शिकायचं. आणि शिकायला कापड निवडलं, कारण बेळगावच्या मुलांना कापड कळतं. वडगाव, खासबागकडे गेलात तर मागांचा खटखट आवाज अजून कानावर येतो. आमच्या वर्गातल्या दोघांच्या घरी माग आहेत. उभे धागे, आडवे धागे, धोटा, हे शब्द मला शिकवावे लागले नाहीत. उलट त्या दोघांनीच ते इतरांना शिकवले.

सहा रविवार, प्रत्येक रविवारी पाऊण तास, एवढाच वेळ होता. तीनच कापडं घेतली.

पहिलं केंटे. हे घाना देशातल्या असांते आणि एवे लोकांचं कापड. कुमासी शहराजवळचं बॉनविरे हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथला माग अरुंद असतो आणि त्यावर साधारण चार इंच रुंदीची लांबच लांब पट्टी विणली जाते. मग अशा पट्ट्या शेजारी शेजारी शिवून मोठं वस्त्र होतं. पुरुषाच्या एका वस्त्राला वीसहून जास्त पट्ट्या लागतात. नक्षीला नाव असतं, आणि नावामागे एखादी म्हण, एखादी घटना किंवा एखादी व्यक्ती असते. दोन तरुणांनी रानात कोळ्याला जाळं विणताना पाहिलं आणि ते विणायला शिकले, अशी असांते लोकांची कथा आहे. युनेस्कोने २०२४ मध्ये केंटे विणण्याची कला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतली. मुलांना सर्वांत जास्त आवडलं ते हे, की घानातले फादर केंटेचा गळपट्टा घालून मिस्सा अर्पण करतात.

आम्ही केंटे केलं ते घोटीव कागदाचं. चार इंचांच्या पट्ट्या, त्यात आडवे कागद ओवायचे. एकेका मुलाने एकच पट्टी करायची आणि सगळ्यांच्या पट्ट्या जोडून एक वस्त्र करायचं. जोडताना भांडणं झाली, कारण कोणाची पट्टी लांब, कोणाची आखूड. मागवाल्या घरातली मुलगी म्हणाली, "खालून सारखं करूया, वरून राहू दे." तसंच केलं.

दुसरं अडिंक्रा. हेही असांते लोकांचंच. वाळलेल्या भोपळ्याच्या कवचातून ठसा कोरतात, झाडाच्या सालीपासून उकळून काढलेल्या काळ्या रंगात बुडवतात आणि कापडावर उमटवतात. पूर्वी हे कापड मुख्यतः अंत्यविधीला, गेलेल्या माणसाला निरोप देताना अंगावर घेत. ब्रिटिश म्युझियममध्ये १८१७ साली मिळवलेलं एक अडिंक्रा कापड आहे, म्हणजे कला त्याहून जुनी. प्रत्येक ठशाला अर्थ असतो. 'सांकोफा' हा मान मागे वळवलेला पक्षी आहे. मागे राहिलेलं परत जाऊन आणण्यात लाज नाही, असा त्याचा भाव. दुसऱ्या एका ठशात दोन मगरी आहेत आणि दोघींना मिळून पोट एकच. तरी घास कोणी गिळायचा म्हणून त्या भांडतात. संत पौलाने करिंथकरांना शरीर एक आणि अवयव अनेक हे समजावलं, तो पाठ मी दर वर्षी घेते. पण यंदा मगरी पाहिल्यावर जेवढं हसू आलं आणि जेवढं लक्षात राहिलं, तेवढं पूर्वी कधी राहिलं नव्हतं.

आणि एक ठसा आहे 'जे न्यामे'. देवावाचून दुसरा कोणी नाही, देव सर्वांहून मोठा, असा त्याचा अर्थ सांगतात. घानात तो ठसा भिंतीवर, खुर्चीवर, दुकानावर, दागिन्यावर, सगळीकडे दिसतो. एका मुलाने विचारलं, "टीचर, हे मिशनरी जायच्या आधीपासून होतं काय?" न्यामे हे देवासाठी असांते लोकांच्या भाषेतलं जुनंच नाव आहे, असं मी सांगितलं. तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे देव तिथे आधीच होता." धर्मशिक्षणाच्या एवढ्या वर्षांत मुलांनी मला दिलेल्या उत्तरांपैकी हे एक मी जपून ठेवलं आहे.

ठसे आम्ही बटाट्याचे केले. ज्यांना कोरताना सुरी द्यायची नव्हती त्यांना पुठ्ठा कापून दिला.

तिसरं बोगोलानफिनी, म्हणजे चिखलाचं कापड. हे माली देशातल्या बामाना लोकांचं. सूत कातणं बायकांकडे, विणणं पुरुषांकडे, आणि रंगवणं परंपरेने पुन्हा बायकांकडे. आधी कापड पानांच्या रसात भिजवतात, त्याने ते पिवळं होतं. मग पुष्कळ दिवस मडक्यात मुरवलेला, लोहाचा अंश असलेला चिखल घेऊन रंगवतात. पानांतला तुरटपणा आणि चिखलातलं लोखंड एकत्र आलं की पक्का काळा रंग धरतो. गंमत अशी की नक्षी रंगवत नाहीत. नक्षीच्या भोवतालची जागा काळी करतात आणि नक्षी मोकळी राहते. घाई केली तर काही उरत नाही.

हे करायला आम्ही मांजरपाट आणलं. काष्ठौषधींच्या दुकानातून हिरड्याची पूड घेतली, तिच्या पाण्यात कापड भिजवून वाळवलं. गंजलेले खिळे आठवडाभर व्हिनेगरमध्ये ठेवले. त्या पाण्यात ब्रश बुडवून पिवळट कापडावर फिरवला की डोळ्यांदेखत काळं होतं. आंध्रातल्या कलमकारीचा काळा रंगही हिरडा आणि लोखंड यांच्यामुळेच येतो. मालीतली बाई आणि आंध्रातला कारागीर एकमेकांना कधी भेटले नसतील, पण देवाने दोघांच्याही हाताखाली तीच माती आणि तोच गुण ठेवला.

कापडं तयार झाली. आता ती मांडायची कशी हा प्रश्न होता, आणि मला वाटतं खरा धडा तिथूनच सुरू झाला.

फादर म्हणाले, "चांगली दहा-बारा निवडा. पहिल्या तिघांना बक्षीस देऊ."

मी म्हटलं, "फादर, सगळी लावूया. बक्षीस नको."

"पालक विचारतील."

"विचारू देत. मी उत्तर देईन."

फादर हसले आणि "बरं, तुम्ही बघा" म्हणाले. हॉलची किल्ली मात्र शनिवारी सकाळीच देऊन टाकली.

माझ्या डोक्यात तेव्हा प्रेषितांच्या कृत्यांमधला नववा अध्याय होता. याफा गावात तबीथा नावाची शिष्या वारली. तिलाच दुर्कस म्हणतात. पेत्र आला तेव्हा गावच्या विधवा रडत उभ्या होत्या आणि तिने शिवलेले अंगरखे आणि वस्त्रं त्याला दाखवत होत्या. मला वाटतं, कापडांचं एवढं खरं प्रदर्शन दुसरं झालं नसेल. त्या बायकांनी कुठला अंगरखा उत्तम हे ठरवलं नव्हतं. हे दुर्कसने केलंय, एवढंच त्या सांगत होत्या. हातातलं वस्त्र साधं होतं, पण ज्या हातांनी ते झालं त्या हातांचं नाव प्रत्येकीच्या तोंडी होतं.

म्हणून आम्ही नियम केला. प्रत्येक कामाखाली एक चिठ्ठी असेल आणि तिच्यावर तीन गोष्टी असतील. पहिली ओळ, हे कापड कोणत्या लोकांचं आणि कुठलं. दुसरी ओळ, त्यांच्याकडून मी काय शिकलो. तिसरी ओळ, करणाऱ्या मुलाचं नाव. 'आफ्रिकन डिझाइन' एवढंच लिहायला मनाई होती. आपल्या इरकल साडीखाली कोणी 'आशियाई साडी' एवढंच लिहिलं तर इरकलच्या विणकराला कसं वाटेल, असं विचारल्यावर मुलांना लगेच पटलं. आणि आपलं नाव शेवटी का, हेही समजावलं. नमुना आपण शोधून काढलेला नाही. कोणीतरी पिढ्यान्पिढ्या सांभाळला म्हणून आपल्यापर्यंत आला. आधी त्यांचं नाव, मग आपलं.

दुसऱ्या ओळीत मुलांनी काय काय लिहिलं! "असांते लोकांकडून मी शिकलो की पट्ट्या वेगवेगळ्या असल्या तरी शिवता येतात." "बामाना बायकांकडून मी शिकले की मोकळी जागा पण नक्षीच असते." एका मुलाचं चिखलाचं कापड पूर्ण डागाळलं होतं. तो म्हणाला, "टीचर, माझं वाया गेलंय, लावू नका." मी त्याला चिठ्ठी लिहायला सांगितलं. त्याने लिहिलं, "हे काम अवघड आहे हे मी बामाना लोकांकडून शिकलो." ती चिठ्ठी लोकांनी सर्वांत जास्त वेळ वाचली.

आता त्या मुलीविषयी लिहिते. नाव लिहिणार नाही.

आपल्या शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, अंकोला या तालुक्यांत सिद्दी समाज राहतो. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून, बहुतांशी पूर्वेकडच्या भागांतून, इथे आणले गेले. पुष्कळ जण पोर्तुगीजांच्या गोव्यात गुलाम होते आणि तिथून निसटून घाटावरच्या रानांत आले, असं सांगितलं जातं. त्यांना विकणारे आणि विकत घेणारे स्वतःला ख्रिस्ती म्हणवत होते, हेही आपण विसरू नये. आज सिद्दींमध्ये ख्रिस्ती आहेत, मुसलमान आहेत, हिंदू आहेत. २००३ मध्ये उत्तर कन्नडमधल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. शिक्षणासाठी त्यांची काही मुलं आपल्या शहरांतल्या वसतिगृहांत राहतात, आणि रविवारी आपल्याच बाकांवर बसतात.

आमच्या वर्गात अशी एक मुलगी आहे. ऑगस्टमध्ये ती चित्रं निघाली तेव्हा मागच्या बाकावरून एका मुलाने तिच्या केसांवरून काहीतरी म्हटलं आणि दोघं-तिघं हसली. त्या मुलाशी मी वेगळं बोलले. पण त्या मुलीला मी आफ्रिकेबद्दल एकदाही काही विचारलं नाही. हे मी जाणूनबुजून केलं. आठवीतल्या मुलीला वर्गापुढे उभं करून "तू सांग" म्हणणं म्हणजे तिलाच प्रदर्शनात मांडणं. शिवाय आम्ही करत होतो ती कापडं पश्चिम आफ्रिकेतली. तिचे पूर्वज बहुधा दुसऱ्या किनाऱ्याचे. घाना ते मोझांबिक हे अंतर काश्मीर ते कन्याकुमारीपेक्षा जास्त आहे. ती इतरांसारखीच आली, पट्टी ओवली, ठसा कोरला, चिठ्ठी लिहिली.

शनिवारी संध्याकाळी आम्ही सुतळ्या बांधत होतो. मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर एक आणि मोठ्यांसाठी वर एक. कपड्यांचे चिमटे लावत होतो. तेव्हा ती वसतिगृहातून एक गाठोडं घेऊन आली.

"टीचर, हे लावलं तर चालतंय काय?"

उघडलं तर गोधडी. सिद्दी लोक तिला कवंद म्हणतात. जुन्या साड्या, लुगडी, शर्ट यांचे तुकडे जोडून शिवलेली. अशी गोधडी कडेपासून सुरू करतात आणि धावदोऱ्याने फिरत फिरत मध्यापर्यंत येतात. चारही कोपऱ्यांना कापडाच्या घड्या घालून केलेली फुलं असतात. फुलांवाचून कवंद उघडं दिसतं, असं त्या बायका मानतात. तिच्या कवंदात लाल आणि निळे तुकडे होते आणि एका ठिकाणी पिवळ्या कापडाचा छोटा क्रूस.

"कोणी शिवलं?"

"आजीनं. पण रात्री परत पाहिजे. मला त्याच्याशिवाय झोप येत नाही."

ठरलं. सकाळी लावायचं, दुपारी काढायचं. चिठ्ठी तिनेच लिहायची, कारण कापड तिचं.

मिस्सेनंतर हॉल भरला. ऑगस्टमध्ये हसलेला मुलगाच कवंदापुढे थांबला आणि म्हणाला, "हे पण आफ्रिकेचं?" मी पलीकडेच उभी होते. ती म्हणाली, "नाही. आमच्या गावचं." आणि चिठ्ठीवर बोट ठेवलं. पहिल्या ओळीत तिने आपल्या गावाचं नाव लिहिलं होतं, तालुका हल्याळ. दुसऱ्या ओळीत, "आजीकडून मी अजून शिकत आहे." तिसऱ्या ओळीत आजीचं नाव.

गुलामगिरीचा, जहाजांचा, गोव्याचा सगळा इतिहास मला तिथे सांगता आला असता. तो खरा आहे आणि कधीतरी सांगायलाही हवा. पण ती चिठ्ठी तिची होती. लोक तिला रोज तिच्या चेहऱ्यावरून कुठेतरी दूरची ठरवतात आणि ती म्हणत होती की मी इथली आहे. त्या मुलाने चिठ्ठी वाचली. मग विचारलं, "कोपऱ्यातली ही फुलं कशी करतात?" तिने रुमाल मागितला आणि घडी घालून दाखवली. त्याला जमली नाही. तिने पुन्हा दाखवली.

एवढंच झालं. पुढच्या रविवारपासून ते दोघे मित्र झाले असं काही सांगणार नाही. केसांवरून बोलणं मात्र त्यानंतर वर्गात माझ्या कानावर आलेलं नाही.

एका पालकांनी विचारलंच, "माझ्या मुलाचा नंबर कितवा?" मी त्यांना त्यांच्या मुलाच्या पट्टीपाशी नेलं. ती सगळ्यांच्या पट्ट्यांमध्ये शिवली होती. ती काढली असती तर दोन्हीकडच्या पट्ट्या सुटल्या असत्या. त्यांनी दोनदा पाहिलं आणि फोटो काढून घेतला. आणि आमच्या पॅरिशमधल्या एक वयस्क मावशी कवंदावरून हात फिरवत म्हणाल्या, "आमच्या आईची वाकळ अशीच होती गं." दुपारी एक वाजता चिमटे काढले, कवंदाची घडी घातली आणि ते गाठोडं ती घेऊन गेली.

असं प्रदर्शन मांडायचं असेल त्यांना चार गोष्टी सांगते. कापडं थोडी निवडा, पण ती कोणाची आहेत ते नीट शोधा. सगळ्यांचं काम लावा, डागाळलेलंही. एक सुतळी मुलांच्या उंचीवर बांधा. आणि चिठ्ठी लिहायला कापडाइतकाच वेळ द्या. ज्याचं कापड तो जवळ असेल, तर पेन त्याच्या हाती द्या.

प्रकटीकरणाच्या सातव्या अध्यायात योहानाने सिंहासनापुढे उभा असलेला कोणालाही न मोजता येणारा समुदाय पाहिला. सगळ्यांचे झगे शुभ्र होते. तरीही सर्व राष्ट्रांचे, वंशांचे, लोकांचे आणि भाषा बोलणारे ते आहेत हे त्याला ओळखू आलं. मला त्यातून धीर येतो. देवापुढे गेल्यावर आपण सगळे एकसारखे होऊन हरवून जात नाही. प्रत्येकाचं गाव, प्रत्येकाची बोली त्याला ठाऊक असते.

आपण प्रार्थना करू या.

हे प्रभो, विणणारे, रंगवणारे, शिवणारे सगळे हात तू घडवलेस. आमच्या मुलांना देण्याबरोबर घ्यायलाही शिकव. ज्यांच्याकडून शिकलो त्यांचं नाव आधी घ्यायची नम्रता आम्हाला दे. आणि आमच्या बाकावर बसलेल्या कोणालाही आपण दूरचे आहोत असं वाटू देऊ नकोस. आमेन.